केळीवाल्याच्या अंगावरचं चिलखत

गढीच्या पायऱ्या कोण चढतंय हे रुखमाबाईंना ओसरीवर बसल्याबसल्या, न बघता कळायचं. रजपुताचा पाय पायरीवर आपटतो आणि गुजराचा पाय पायरी आधी चाचपून बघतो, दगड पक्का आहे ना, आपला भार सोसेल ना, असं त्या म्हणायच्या. फाल्गुनातल्या एका दुपारी असा चाचपत वर आला तो रतिलाल पटेल, निंबर्ड्यातला सगळ्यात मोठा केळीवाला. खांद्यावर जड पोतं, तोंड उघडं, धाप लागलेली. घरी सालदार असताना हा माणूस स्वतः ओझं वाहतो, एवढ्या एका गोष्टीवरून रुखमाबाईंनी त्याची किंमत केव्हाच ठरवून टाकली होती.

"राम राम, माजी."

"बठ," त्या म्हणाल्या. बसायला मात्र काही दिलं नाही.

रतिलाल पायरीवरच टेकला आणि त्यानं पोतं उपडं केलं. आतून जे घरंगळलं ते बघून रुखमाबाईंच्या हातातली सुपारी तशीच राहिली. नवलसिंगाचं चिलखत होतं ते. लोखंडी कड्यांचा तो अंगरखा, जो त्या सून म्हणून घरात आल्या तेव्हा पाण्यासारखा सळसळायचा, तो आता लाल मातीच्या ढेकळासारखा घट्ट होऊन पडला होता. मागोमाग टोप निघाला, हातावरचे दोन दस्ताने निघाले. सगळं लालेलाल.

नवलसिंग हा त्यांच्या सासऱ्यांच्या आजाचा बाप. पेंढारी तापी उतरून आले तेव्हा तो उताराशी उभा राहिला आणि गाव वाचलं, असं गाव मानायचं. चैत्री पौर्णिमेला देवीची जत्रा भरे, तेव्हा नदीच्या पात्रात त्या लढाईचं सोंग निघे. गावातली तरणी पोरं धोतरं खोचून पेंढारी व्हायची आणि गढीतला एखादा पुरुष चिलखत घालून, घोड्यावर बसून त्यांना पळवून लावायचा. चालरीत एकच होती: ज्याच्या अंगावर चिलखत, तो त्या दिवसाचा नवलसिंग.

रुखमाबाईंचे मालक हयात होते तोवर चिलखत बाईंच्याच ताब्यात असायचं. तेलकट फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघराच्या कोरड्या माळ्यावर. मालक गेले आणि मुलानं, इंद्रसिंगानं, ते बैठकीत खुंटीवर टांगलं. पाहुण्यांना दिसायला हवं ना! येणारा प्रत्येक पाहुणा ते घामेजल्या हातानं चाचपून बघायचा, वर मातीच्या धाब्यातून पावसाचं पाणी ठिबकायचं. लाली चढू लागली तशी इंद्रसिंगाला त्याची लाज वाटली आणि त्यानं ते गोठ्यात, गुरांच्या मिठाच्या पोत्याशेजारी टाकलं. गेल्या वर्षी रतिलालच्या घरची पांढरी घोडी त्याच्या डोळ्यांत भरली. घोडीच्या बदल्यात त्यानं चिलखत देऊन टाकलं. आईला विचारलंसुद्धा नाही. घोडी त्यानं पंधरवड्यात खडकावरून पळवून लंगडी केली.

"औंदा जत्रामा मी घालसू म्हनस," रतिलाल म्हणाला. "पंचस्नी हा म्हनेल शे. पन हाई जंग काही निंघत नही. तुमले माहीत व्हई म्हनीसन उनू."

रुखमाबाई हसल्या. हसताना त्यांचे खांदेसुद्धा हलले नाहीत.

"तू? तू नवलसिंग व्हशी?"

"व्हसू," रतिलाल साधेपणानं म्हणाला.

"अरे, तुन्हं पोट पाहिसन पेंढारी पळतीन नही, सावलीमा बठतीन."

रतिलालला राग आला नाही. त्याचा हाच गुण रुखमाबाईंना सगळ्यात जास्त खटकायचा. ज्याला अपमान कळत नाही त्याचा अपमान करण्यात काय राम? तो आपला टोप उचलून दाखवू लागला, "हाई देखा, मी ईटनी भुकटीथीन घासं. थोडं निंघनं."

त्यांनी पाहिलं. टोपाच्या कडेनं बारीक सोन्याची वेल होती, लोखंडात ठोकून बसवलेली. तिच्या दोन पानांवरून विटकरीचे ओरखडे गेले होते आणि सोनं उडालं होतं. रुखमाबाई ताडकन उठल्या आणि टोप त्याच्या हातातून हिसकावून घेतला.

"हात मोडो तुन्हा! सोनं शे ते! सोनावर ईट घासी तू? केळीना खुंट शे का हाऊ, वरबाडाले?"

आता मात्र रतिलालचं तोंड पडलं. "माले सोनं दिसनंच नही, माजी. जंगमा दडेल व्हतं."

त्या टोप पदरानं पुसत राहिल्या, जणू पुसून पानं परत येणार होती. मग म्हणाल्या, "उद्या दुपारले ये. आनि हाई ध्यानमा ठेव, मी तुन्हासाठे नही सांगी ऱ्हायनू. लोखंडसाठे सांगी ऱ्हायनू."

दुसऱ्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. रुखमाबाई ओसरीवर बसून हुकूम सोडायच्या. चिलखताला स्वतः हात लावायचा नाही हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. सून असताना सासूबाईंनी हे काम त्यांच्या गळ्यात घातलं होतं. घरचे पुरुष मिशांना तेल लावायचे आणि बायका चिलखताला, असा त्या घरचा रिवाजच होता. तेव्हा घासून घासून बोटांची सालं गेली होती. आता केळीवाल्याच्या हौसेसाठी कोण घासतंय?

तापीची बारीक रेती चाळून आणायला लावली. तिच्यात भाताचा कोंडा मिसळून, चिलखत त्यात घालून पोतं शिवायला लावलं. मग रतिलाल आणि त्याचा सालदार दगा, दोघांनी दोन टोकांना धरून ते पोतं पाळण्यासारखं झुलवायचं. आतली कडी कडीवर घासते, रेती फटीत शिरते, माणसाचं बोट जिथं पोचत नाही तिथला गंज सुटतो. दगा कामाचा माणूस, तो निमूट झुलवायचा. रतिलाल मात्र बैलाशी बोलावं तसा पोत्याशी बोलत राहायचा, "हां, राजा, हां, आजून थोडं." रुखमाबाई तोंड फिरवून घ्यायच्या. लोखंडाला राजा म्हणणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

रेतीनं जे गेलं ते गेलं. उरलेल्या चिवट डागांसाठी त्यांनी चिंचेचं पाणी करायला सांगितलं. "भिजाड, घास, आनि लगेच राखना पानीमा धुईसन वाळाड. चिच अंगवर ऱ्हायनी ते घात करस."

रतिलालनं ऐकलं, पण त्या संध्याकाळी त्याच्या केळीबागेत पाटाचं पाणी फुटलं आणि तो चिलखत ओलंच टाकून पळाला. सकाळी येऊन बघतो तर सगळ्या कड्यांवर पिवळी-लाल साय धरलेली. आठ दिवसांचं काम मातीत. तो त्याच्यापुढे उकिडवा बसून राहिला.

"तरी मी म्हनू," रुखमाबाई वरून म्हणाल्या, "की केळीस्ले सोडीसन तू सरदार कसा व्हशी! नवलसिंग उतारले उभा व्हता. त्याले कोनी सांगतं, बागमा पानी फुटनं, ते तो जाता का?"

"जाता नही," रतिलाल म्हणाला. "पन मंग त्यानी केळी कोनी पाहिल्यात?"

मूर्खाच्या तोंडून कधीमधी असा प्रश्न निघतो की त्याला उत्तर द्यायला आपणही मूर्ख व्हावं लागतं.

त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा रेती, पुन्हा कोंडा, पुन्हा पोतं. या वेळी चिंचेचं पाणी लावलं की राखेच्या पाण्यात बुडवून, फडक्यानं टिपून, तापलेल्या फरशीवर पसरून, कडी न् कडी वाळेपर्यंत तो जागचा हलला नाही. टोपाला तर त्यानं नुसतं तेल आणि कोळशाची वस्त्रगाळ पूड लावली, तीही बोटाला चिंधी गुंडाळून, सोन्याच्या वेलीच्या आजूबाजूनं, लहान मुलाच्या डोळ्यातलं काजळ पुसावं इतक्या हलक्या हातानं. एवढा मोठा देह आणि एवढा हलका हात. रुखमाबाईंना ते बघवेना आणि नजरही काढवेना.

काम करताना तो विचारत राहायचा. हा पट्टा कशासाठी? नाकावरची पट्टी वर सरकते ती का? नवलसिंगाची बायको कोणत्या गावची? रुखमाबाई तुटक उत्तरं द्यायच्या. उत्तरं देताना त्यांच्या लक्षात यायचं की हे प्रश्न इंद्रसिंगानं एकदाही विचारले नाहीत. मग त्यांना इंद्रसिंगाऐवजी रतिलालचाच राग यायचा. याला काय करायचंय विचारून?

एक दिवस त्याला उजव्या काखेखाली वेगळ्या, जाड कड्यांचं ठिगळ सापडलं. "माजी, आठे भाला लागेल व्हता का पेंढारीना?"

गाव तसंच म्हणत असे. खरी गोष्ट रुखमाबाईंना सासूबाईंनी सांगितली होती. त्यांनी ती मुद्दाम, त्याचा चेहरा बघत सांगितली. "भाला नही, काही नही. दसराना रेडा उधळना व्हता, त्यानी शिंग मारं. तुन्हा नवलसिंग रेडानी पाडा, समजनं?"

रतिलालनं त्या ठिगळावरून बोट फिरवलं. तो खट्टू होईल या आशेनं त्या बघत होत्या. तो म्हणाला, "रेडाना जोर भालापेक्षा जास्त ऱ्हास. तरी मानूस जितो ऱ्हायना. चांगलं लोखंड शे."

मग मेण आलं. तोरणमाळहून म्हसावदच्या बाजारात मध-मेण घेऊन उतरणाऱ्या लोकांकडून त्यानं ते स्वतः जाऊन आणलं. तिळाच्या तेलात मेण वितळवून, कोमट असतानाच ते चिलखताला चोळलं आणि पुसून काढलं. चिलखत पुन्हा सळसळू लागलं. रतिलालनं ते दोन्ही हातांवर फडक्यात धरलं होतं, उघड्या बोटाचा स्पर्श होऊ न देता. "नागडा हात लावाना नही," असं त्यांनीच बजावलं होतं, आणि हा गडी अक्षरशः पाळत होता. कड्या हातावरून ओघळल्या तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. रुखमाबाईंनी मनात म्हटलं, रडका आहे मेला.

इंद्रसिंग तेव्हा घरातच होता. दिवसभर लोळायचा, संध्याकाळी मोहाची घ्यायचा. एवढे दिवस त्यानं ओसरीवरच्या उद्योगाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पण चिलखत चकाकायला लागलं तसं गावात बोलणं सुरू झालं आणि ते त्याच्या कानावर गेलं.

"माय, तू त्या गुजरले शिकाडी ऱ्हायनी? गाव हासस आपले."

"आपले नही हासत. तुले हासस, आनि तुन्ही लंगडी घोडीले हासस."

"घोडी पहिलेपासूनच खोटी व्हती. त्यानी माले फसाडं. चिलखत आपलंच शे."

"घोडी तू लंगडी करी. गोठामा चिलखत तू टाकं. तुन्हा बापनी लाज नही राखी, ते निदान खोटं बोलू नको." एवढं बोलून त्या तांदूळ निवडत बसल्या. तिशीच्या मुलाशी यापेक्षा जास्त काय बोलणार? आपल्या पोटी हा जन्मला आणि गुजराच्या घरी तो, यात देवाची काहीतरी गफलत झाली असावी, असा विचार त्यांच्या मनात आला. आला तसा त्यांनी तो झटकला, कारण देवानं गफलत केली तरी रजपूत तो रजपूत.

जत्रेच्या दिवशी दुपारी ढोल वाजायला लागले. रतिलाल आधी गढीवर पाया पडायला आला. पायऱ्यांखाली सगळं गाव गोळा झालेलं. चिलखत त्याच्या पोटावर येऊन अडलं होतं आणि तिथून खाली झालरीसारखं लोंबत होतं. टोप मोठ्या डोक्यावर वर चढून बसला होता. कापसाच्या गासडीवर मासेमारीचं जाळं टाकावं तसा तो दिसत होता. खाली त्याचं घोडं उभं होतं, म्हातारं, शांत. आणि तरीही घोड्याची शेपटी हलली की रतिलाल दचकत होता. पोरं खिदळत होती. रुखमाबाईंचे ओठ आपोआप मुरडले. एवढ्या कष्टानं उजळलेलं लोखंड, आणि आत हे.

तेवढ्यात इंद्रसिंग दोन दोस्तांना घेऊन पुढे आला. घेतलेली होती, पण पाय सरळ पडत होते. त्यानं रतिलालची बाही धरली.

"उतार. आमना घरनं शे."

"भाऊ, बदलामा घोडी देल शे मी," रतिलाल म्हणाला.

"घोडी खोटी देल शे तू. माय आठे शे, तिलेच इचारू." तो पायऱ्यांकडे वळला. "माय, सांग सगळासमोर. हाई कोनं शे?"

ढोल थांबले. रुखमाबाईंनी मुलाकडे पाहिलं. उंच, रुंद खांद्यांचा, बापाचंच नाक. मग त्या गासडीकडे पाहिलं. न्याय कुठं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण पायऱ्यांखालची पोरं अजून हसत होती, आणि ते हसणं रतिलालवर नाही, टोपावर आहे, नवलसिंगावर आहे, आपल्या सगळ्या कुळावर आहे, असं त्यांना वाटलं.

"गढीनं शे," त्या म्हणाल्या.

रतिलाल क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं टोप काढला, वेलीला बोट लागू न देता. दगानं मदत केली तेव्हा चिलखत उतरलं. त्यानं ते कोणावर फेकलं नाही, शिवी दिली नाही. घडी घालून इंद्रसिंगाच्या हातात दिलं आणि म्हणाला, "पानीमा नको घालू, भाऊ. आनि उतारनं की पुसी घेजो."

इंद्रसिंग हसला. अंगात चिलखत चढलं, टोप चढला, आणि गावाच्या तोंडून एक हुंकार निघाला. कापून मोजून शिवल्यासारखं बसलं ते त्याच्या अंगावर. तो उडी मारून त्या म्हाताऱ्या घोड्यावर बसला तर घोडंसुद्धा मान ताठ करून उभं राहिलं. रुखमाबाईंचा ऊर भरून आला. मालक आठवले. असं रक्त केळीच्या बागेत उगवत नाही, त्या मनात म्हणाल्या, आणि अनेक वर्षांनी जत्रा बघायला पात्रापर्यंत चालत गेल्या.

सोंग असं रंगलं की म्हाताऱ्यांनाही तसं पाहिल्याचं आठवेना. इंद्रसिंगानं घोडं पाण्यात घातलं, पाणी उडवत पेंढाऱ्यांचा पाठलाग केला, पलीकडच्या वाळूत तलवार फिरवली. बायकांनी ओवाळलं. गर्दीच्या मागं, एका केळ्यांच्या गाडीला टेकून, रतिलाल उभा होता. तोही बघत होता. टाळ्यासुद्धा वाजवत होता, बावळट.

दिवस मावळायच्या आत जत्रा पांगली. रुखमाबाई इंद्रसिंगाची वाट बघत ओसरीवर बसल्या. जेवण मांडून ठेवलं होतं. पायरी वाजली, पण आपटली नाही. चाचपत वर आली.

रतिलालच्या खांद्यावर ओलं धोतर होतं आणि धोतरात चिलखत. "नदीवर पडेल व्हतं," तो म्हणाला. "दारूना दुकानना मांगे, ओली रेतीमा. टोप पोरं लाथाडी ऱ्हायन्थात. भाऊ तठेच शे, दोस्तासमा. मी त्याले इचारं, लई जाऊ का? तो म्हने, लई जाय, वजं शे."

त्यांनी चिलखत पाहिलं. घामानं आणि तापीच्या पाण्यानं चिकटलेलं. पाठीच्या कड्यांवर आत्ताच लालसर झाक आली होती. टोपाची नाकपट्टी वाकली होती.

"मी तुमले सांगाले नही उनू," रतिलाल म्हणाला, जणू त्याचाच अपराध होता. "वल्लं शे म्हनीसन उनू. सकाय लगुन ऱ्हायनं ते मंग पुन्हा..."

रुखमाबाईंनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. त्या आत गेल्या. राखेचं पाणी केलं, फडकी आणली, तेलमेणाचा डबा आणला, आणि फरशीवर बसून त्यांनी पहिल्यांदा चिलखत स्वतःच्या मांडीवर ओढलं. लुगडं भिजलं. बोटांना कड्यांची जुनी ओळख होती. कुठून धरलं की कुठं उलटतं हे हातांना आपोआप आठवलं. रतिलाल टोप घेऊन समोर बसला. मांडलेलं ताट निवून गेलं.

"मी खोटं बोलनू, रतिलाल," शेवटी त्या म्हणाल्या. "गावसमोर."

"तुमना पोरगा शे," तो म्हणाला.

"म्हनीसनच ते!" त्या फणकारल्या. "पोरगा शे म्हनीसन. दुसरं काय शे त्यानामा? खांदा शेत. घोडालेबी खांदा ऱ्हातस." त्यांच्या आवाजात एवढा तुच्छतेचा कडवटपणा होता की रतिलालनं मान खाली घातली. त्यांनी फडकं पिळलं. "हाई आज लई जाय. तुन्हा घरमा चूलवरना माळा कोरडा शे ना? तठे ठेव. आनि पुढला सालपासून गढीवर पाया पडाले येऊ नको. उना ते मी पुन्हा काही बोली जासू."

सकाळी इंद्रसिंग उठून चिलखत शोधू लागला तेव्हा त्यांनी पंचांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की अदलाबदल खरी होती, घोडी चांगली होती, काल आपण खोटं बोललो. पंच अवघडले. इंद्रसिंग आईला वाटेल ते बोलला. पावसाळ्याआधीच तो लंगडी घोडी विकून सुरतेकडे निघून गेला. त्यांनी त्याला अडवलं नाही. शिदोरी मात्र बांधून दिली.

पुढल्या चैत्रात रतिलाल नवलसिंग झाला. पाया पडायला आला नाही, कारण सांगितलेलं तो अक्षरशः पाळायचा. रुखमाबाईच पात्रात गेल्या. त्या भोवतीच्या बायकांना मोठ्यानं सांगत होत्या की असला ढोल्या सरदार बघायला म्हातारपण आलं. आजूबाजूचे हसले, त्याही हसल्या. पाण्याच्या कडेला घोडं अडलं आणि रतिलाल सगळ्या लोखंडासकट धप्पकन वाळूत बसला. पेंढाऱ्यांना पळायचंही सुचेना, ते त्याला उठवायला धावले.

रुखमाबाई गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या. "पडना, पडना, हाती पडना!" त्या म्हणाल्या. "उठ आते. बगलमा रेती गयी का देख. आनि तोंड मिट, सरदार असा तोंड उघडं टाकीसन लढत नही."

रतिलालनं तोंड मिटलं. मग त्यांनी पदरानं त्याच्या टोपावरची वाळू झटकली आणि त्याला पुन्हा घोड्याकडे ढकललं.